पडण्याचे प्राथमिक शिक्षण

समीक्षा लिहिण्यासाठी विषयातलं काही कळलंच पाहिजे, अशी अट आपल्याकडे कधीच नव्हती. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ नाटकांची परीक्षणं लिहितात. दुसऱ्या अंकाला ते नेमाने झोपतात आणि ‘दुसरा अंक काहीसा रेंगाळतो’ असं न चुकता छापून आणतात. तेव्हा अस्मादिकांनी मोटारसायकलच्या एका व्हिडिओ गेमची समीक्षा लिहायला घेतली, तर कोणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. उलट माझा अधिकार त्या गृहस्थांपेक्षा मोठा आहे. मी या गेममध्ये पूर्ण जागेपणी पडलो आहे. एकदा नाही, चारशे वेळा तरी. वीस वर्षं बँकेत नोटा मोजून अंगठ्याला जो घट्टा पडला नाही, तो या गेमने तीन आठवड्यांत पाडला.

प्रकरणाची सुरुवात अशी झाली. चिरंजीवांना अठरा पूर्ण झाली आणि त्याच आठवड्यात त्यांनी लर्निंग लायसन काढून आणलं. सरकारी काम इतक्या तडफेने आमच्या घराण्यात याआधी कोणी केलं नव्हतं.

“बाबा, गाडी शिकवा.”

मी म्हटलं, “मार्च एंडिंग होऊ दे.”

मार्च संपला. मग ऑडिट आलं. ऑडिट गेलं, मग शाखेत माणसं कमी पडली. बँकेतल्या नोकरीचा हा एक मोठा फायदा. घरच्यांना पडताळून पाहता येणार नाहीत अशी कारणं बाराही महिने मिळतात. शेवटी चिरंजीव म्हणाले, “राहू द्या. मी गेमवर शिकतो.” आणि मित्राचा प्लेस्टेशन घरी घेऊन आले.

गेमवर शिकतो! म्हणजे उद्या हा पाकशास्त्राचं पुस्तक चाटून जेवलो म्हणेल. पण मग विचार केला, बघावं तरी. नवशिक्याला मोटारसायकल शिकवण्याचं काम एखादा गेम कितपत करू शकतो? या समीक्षेचा विषय तेवढाच आहे.

मला गेम अगदीच अपरिचित नव्हते. ९८ साली मी कॉम्प्युटर क्लासला जायचो, तेव्हा तिथल्या प्रत्येक मशीनवर ‘रोड रॅश’ होता. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने तो मुळात १९९१ साली काढला आणि पुढे तो कॉम्प्युटरवर आला. आमच्या पिढीने विंडोज शिकण्यासाठी फी भरली आणि शिकली रोड रॅश. शैक्षणिक दृष्ट्या या गेमचं मूल्यमापन सोपं आहे. शेजारून जाणाऱ्याला लाथ कशी घालावी, त्याच्या हातातली साखळी कशी हिसकावून घ्यावी आणि पोलीस मागे लागल्यावर काय करावं, हे तो उत्तम शिकवी. गाडी कशी चालवावी, हे सोडून सगळं. पडलात तर स्वार उठून, लांब पडलेल्या गाडीकडे धापा टाकत पळत जायचा. तेवढाच भाग वास्तववादी होता.

आताचा गेम वेगळा. नाव ‘मोटोजीपी २२’. इटलीतल्या मिलानच्या माइलस्टोन कंपनीने तो २०२२ साली काढला. खऱ्या जागतिक स्पर्धेतल्या गाड्या, खरे स्वार, खरे ट्रॅक. १००० सीसीचं इंजिन आणि गाडीचं वजन जेमतेम १५७ किलो. आमच्या हेड कॅशियरना दोनदा जिना चढवलात तर याहून जास्त वजन वर जातं. इटलीत फ्लॉरेन्सजवळ मुजेलो नावाचा ट्रॅक आहे, सव्वापाच किलोमीटरचा, पंधरा वळणांचा. तिथे २०२३ साली ब्रॅड बाइंडर या दक्षिण आफ्रिकेच्या स्वाराने ताशी ३६६.१ किलोमीटरचा वेग गाठला. एवढ्या वेगाने सरळ रस्ता संपवायचा आणि पहिल्या वळणाला ताशी शंभराच्याही खाली यायचं. हे वळण गेममध्ये मला पहिल्या संध्याकाळी एकदाही दिसलं नाही. मी दर वेळी त्याच्या पलीकडच्या खडीत असायचो.

इथे आमचे तीर्थरूप अण्णा यांची ओळख करून द्यायला हवी. वय पंच्याहत्तर. सोफ्यावर, हातात वर्तमानपत्र, नजर टीव्हीवर. मी तिसऱ्यांदा खडीत गेलो तेव्हा ते ओरडले, “मागचा दाब! मागचा!”

मंडळी, ज्यांच्या वडिलांकडे स्कूटर होती, त्या सगळ्यांनी हे वाक्य ऐकलं असणार. मला अण्णांनी त्यांच्या चेतकवर शिकवलं. अभ्यासक्रम असा होता. सकाळी ती चालू होत नसली की एका अंगावर कलती करायची, थोडा वेळ तशीच धरायची, मग किक मारायची. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर, उजव्या पायाखाली मागचा ब्रेक. आणि उजव्या हाताशी जो पुढचा ब्रेक आहे, तो कंपनीने शोभेसाठी दिलेला आहे असं समजायचं. “पुढचा दाबलास तर तोंडावर पडशील.” का पडेन, हे विचारायची सोय नव्हती. अण्णा मागचं सीट धरून पळत यायचे आणि मधेच हात सोडायचे. हात सुटलाय हे मला दहा पावलांनी कळायचं आणि मी पडायचो. हात सुटल्यामुळे नव्हे, कळल्यामुळे.

आता या गेमच्या अध्यापनपद्धतीकडे वळू. नवशिक्याला तो आधी सगळ्या कुबड्या देतो. गिअर आपोआप पडतात. हवं तर ब्रेकही आपोआप लागतो. पुढचा आणि मागचा ब्रेक एकाच बटणाला बांधून मिळतात. रस्त्यावर एक रंगीत रेघ दिसते, ती लाल झाली की वेग कमी करायचा. मग एकेक कुबडी आपण आपल्या हाताने काढायची. शिवाय धडे आहेत. ब्रेक कसा लावावा, वळण कसं घ्यावं, टायर आणि पेट्रोल कसं पुरवावं. ट्रॅकचे तुकडे पाडून एकेक तुकडा ठरावीक वेळेत करून दाखवायचा सराव आहे. आम्हाला बँकेत घेतलं तेव्हा पहिल्याच दिवशी थेट काउंटरवर बसवलं होतं आणि समोर पेन्शनरांची रांग होती. त्या मानाने ही शिक्षणपद्धती फारच दयाळू म्हणायची.

मी मागचा-पुढचा ब्रेक वेगळे करून घेतले आणि अण्णांच्या मार्गदर्शनाखाली फक्त मागचा दाबून पाहिला. गाडी थांबायचं नावच घेईना. शेपूट इकडेतिकडे हलवत थेट खडीत. मग भीत भीत पुढचा दाबला. तोंडावर पडलो नाही! गाडी सरळ उभी असताना पुढचा ब्रेक बेताबेताने वाढवत नेला, तर ती निमूटपणे थांबते. पण तोच ब्रेक वळणात गाडी कलल्यावर जोरात दाबला, की पुढचं चाक पायाखालचं पायपुसणं सरकावं तसं सरकतं. म्हणजे ब्रेकचा जोर वळणाच्या आधी, गाडी उभी असताना. मग जसजशी गाडी कलेल तसतसा ब्रेक सोडत जायचा. वळण संपताना गाडी उभी होऊ लागली की मगच हळूहळू रेस वाढवायची. उतावीळपणे एकदम वाढवलीत तर मागचं चाक घसरतं, मग पुन्हा जमीन पकडतं आणि स्वाराला बैलाने शिंगावर घ्यावं तसं उडवून देतं.

चिरंजीवांनी बारावीचं फिजिक्स काढून कारण सांगितलं. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर जातं. पुढचं चाक जमिनीला आणखी घट्ट धरतं आणि मागचं हलकं होतं. म्हणून थांबवायचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. हलकं झालेलं मागचं चाक करकचून धरलं तर ते फिरायचं थांबतं आणि घसरत जातं.

मी कंट्रोलर खाली ठेवला.

सांगतो का ते. साताऱ्याहून कासकडे जाताना यवतेश्वरचा घाट लागतो. १९९९ च्या जुलैमध्ये मी अण्णांच्या चेतकवरून तो उतरत होतो. रस्ता ओला होता. वळणावर समोरून गाडी आली. मी शिकवल्याप्रमाणे मागचा ब्रेक पूर्ण दाबला. पुढचं मला आठवतं ते आडवं आडवं आठवतं. गळपट्टीचं हाड मोडलं. हॉस्पिटलात अण्णांनी विचारलं, “मागचा दाबला होतास ना?”

“मागचाच दाबला.”

“मग पडलास कसा?”

या प्रश्नाचं उत्तर पंचवीसएक वर्षं आमच्या घरात कोणाला सापडलं नव्हतं. मी खडीला, पावसाला, समोरच्या ड्रायव्हरला दोष देऊन मोकळा झालो होतो. त्यानंतर स्कूटर चालवली, पण कोणाला शिकवायची म्हटलं की पोटात गोळा येई. मार्च एंडिंग, ऑडिट वगैरे त्या गोळ्याची कागदोपत्री नावं. ते उत्तर मला हॉलमधल्या गादीवर बसून, एका इटालियन गेमकडून मिळावं, याला काय म्हणायचं?

तेव्हा जमेची बाजू आधी नोंदवतो. हा गेम ‘असं कर’ म्हणून थांबत नाही. तसं केलं नाही तर काय होतं, हे लगेच दाखवतो, आणि कितीही वेळा दाखवायला कंटाळत नाही. चारशे वेळा पडलो, पण ‘तुझ्या बापाचं लक्ष कुठे असतं’ असं त्याने एकदाही विचारलं नाही. आमच्या पिढीला असा शिक्षक मिळाला नाही.

आता खर्चाची बाजू.

पहिली नोंद रिवाइंडची. पडलात की बटण दाबायचं. सिनेमा उलटा फिरावा तशी गाडी मागे जाते आणि तुम्ही पुन्हा वळणाच्या आधी, जसेच्या तसे. बँकेत चुकीची एंट्री उलटवायची तर व्हाउचर लागतं, अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि त्याच्या भुवया सोसाव्या लागतात. म्हणून आम्ही पहिल्यांदाच नीट लिहितो. गेममध्ये पडणं फुकट आहे, आणि फुकट मिळालेल्या वस्तूकडे कोणी निरखून पाहत नाही. चिरंजीव तर जमिनीला टेकायच्या आत बटण दाबू लागले. का पडलो, हा प्रश्नच उरला नाही.

दुसरी नोंद त्या रंगीत रेघेची. रेघ बघता बघता माणूस रस्ता बघायचं विसरतो. वळणावर नजर लांब, जिथे बाहेर पडायचंय तिथे हवी, असं कोणताही चांगला स्वार सांगेल. रेघ मात्र नजर चाकाच्या पुढे चार हातांवर खिळवून ठेवते. रेघ बंद केली, तर सर्व्हर डाऊन झाल्यावर आमच्या शाखेत जे चेहरे होतात, तसा चेहरा होतो.

तिसरी, अंगाची. गाडी अंगाने चालते, अंगठ्याने नाही. वेगात असताना डावीकडे वळायचं तर डावी मूठ किंचित पुढे ढकलावी लागते, हे ऐकायला उलटं वाटतं, पण खरं आहे. गेममध्ये खुंटी डावीकडे केली की झालं. १९८५ साली सेगा कंपनीने ‘हँग-ऑन’ नावाचा गेम काढला होता. त्यात खेळणाऱ्याला बसायला मोटारसायकलच्या आकाराचं धूड दिलं होतं आणि वळायला ते अंगाने कलवावं लागे. तेवढी शिक्षणपद्धती आपण चाळीस वर्षांत गादीवर लोळून गमावली.

आणि चौथी नोंद सगळ्यांत गंभीर. या गेममध्ये पुढचा ब्रेक डाव्या तर्जनीखाली असतो. खऱ्या मोटारसायकलवर तो उजव्या हाताला असतो आणि डाव्या हाताला असतो क्लच. म्हणजे नेमक्या संकटाच्या वेळी, चारशे वेळा घोटलेली सवय भलत्याच दांड्याला हात घालणार.

ही समीक्षा मी चिरंजीवांना तोंडी ऐकवली. ते म्हणाले, “बाबा, मग शिकवा ना तुम्ही.”

समीक्षकावर ही वेळ सहसा येत नाही.

रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही तिघे मोकळ्या मैदानावर गेलो. अण्णांना कोणी बोलावलं नव्हतं. ते आधीच बूट घालून बसले होते. गाडी सौ.ची, १२५ सीसीची, बिनगिअरची स्कूटर. चिरंजीव हेल्मेट घालून बसले. मी मागचं सीट धरून पळायला लागलो. पन्नाशीकडे झुकलेल्या कारकुनाने किती पळावं? वीस पावलांत माझा हात आपोआप सुटला. शिक्षणशास्त्राने नव्हे, दमाने.

मुलगा बरा चालवत होता. तेवढ्यात मैदानाच्या कडेचं एक कुत्रं, मुजेलोच्या ट्रॅकवर ज्याची अजिबात सोय नाही असं, आडवं धावलं. माझ्या पोटातला १९९९ सालचा गोळा जागा झाला. चिरंजीवांनी डावा दांडा ओढला. स्कूटर झकास, सरळ रेषेत थांबली.

“बघ!” अण्णा लांबून ओरडले. “मागचाच दाबला!”

“नाही आजोबा, मी पुढचा दाबला!”

दोघंही बरोबर होते आणि दोघंही चूक. बिनगिअरच्या स्कूटरला डाव्या हाताशी मागचा ब्रेक असतो. गेमच्या सवयीने मुलाने पुढचा समजून तो ओढला. पण २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक जोडलेले असणं सक्तीचं झालं. एक दांडा ओढला की दोन्ही चाकं धरली जातात. या योजनेला म्हणतात सीबीएस. माझ्या आयुष्यात सीबीएस म्हणजे कोअर बँकिंग, आणि त्याने मला आजवर फक्त मनस्ताप दिला होता. त्या दिवशी त्या तीन अक्षरांबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. एंट्री चुकीच्या खात्याला पडली होती, पण ताळेबंद जुळला.

मी मुलाला जवळ बोलावून सांगितलं, की मोटारसायकल असती तर याच हाताने क्लच ओढला गेला असता आणि आत्ता आपण कुत्र्याची चौकशी करत असतो. तो काही बोलला नाही. स्कूटरवर बसून त्याने उजवा दांडा दहा-बारा वेळा नुसताच दाबून पाहिला.

मग लायसनच्या परीक्षेचा आठचा आकडा सुरू झाला. पहिल्याच वेटोळ्यात त्याची नजर चाकाच्या पुढे चार हातांवर. तिथे रेघ नव्हती. स्कूटर डुगडुगली आणि आडवी झाली. वेग असेल ताशी दहा. तळहात आणि गुडघा खरचटला. मी धावलो. तो जमिनीवर बसला होता, आणि त्याचा उजवा अंगठा हवेत काहीतरी दाबत होता. दोन-तीन वेळा दाबला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

अण्णा सावकाश चालत आले. मला वाटलं, आता विचारतील, कुठला दाबला होतास. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि त्याच्या तळहातातली माती पुसली.

घरी येताना मुलगा पुढे स्कूटर हाताने ढकलत चालला होता. अण्णा माझ्याशी बोलले, पण रस्त्याकडे बघत.

“चेतकचा पुढचा ब्रेक लागत नव्हता रे तेव्हा. म्हणून म्हणायचो, मागचा दाब. दुरुस्त करायचं या महिन्यात, पुढच्या महिन्यात, असं राहूनच गेलं.”

मी म्हटलं, “असू दे अण्णा. पुढचा लागत असता तरी मी दाबला नसता.”

हे खरंच होतं. त्या वेळी ते दोघांनाही बरं वाटलं.

तर निकाल. ब्रेक केव्हा, किती आणि का लावावा, हे हा गेम उत्तम शिकवतो. या विषयात माझ्यापेक्षा आणि अण्णांपेक्षा त्याला जास्त गुण. कुठला दांडा कुठे आहे, हे तो चुकीचं शिकवतो. ते मैदानावर दुरुस्त करून घ्यावं. पडल्यावर लागतं, हे तो शिकवतच नाही. तो तास घरच्यांनी घ्यायचा आहे आणि त्याला मार्च एंडिंगची सबब चालत नाही.

त्या संध्याकाळी अण्णांनी कंट्रोलर मागून घेतला. चष्मा सावरला आणि मुजेलोच्या सरळ रस्त्यावरून असे सुटले, की सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली. पहिल्या वळणाला, अर्थातच फक्त मागचा ब्रेक दाबून, ते गाडीसकट खडीत गेले. धुळीचा लोट उठला. चिरंजीवांचा पट्टी बांधलेला हात बटणाकडे गेला.

“आजोबा, रिवाइंड करू?”

“थांब रे,” अण्णा म्हणाले. “आधी पडलो कसा ते बघू दे.”